आधी हवा सोडा

मी गाड्या खालून ओळखतो.
तोंडावरून तुम्ही ओळखा, जाळी, दिवे, बोनेटवरचं नाव.
मला लाडघरच्या ओल्या वाळूत पाठीवर पडून
नुसतं पोट दिसतं,
आणि कुणाच्या पोटात किती खारं पाणी गेलंय ते.

थार येते ती गाणं वाजवत.
शनिवारी चार आल्या, त्यातल्या तीन काळ्या.
छप्पर उघडं, पोरगा उभा, पोरगी मोबाइल धरून,
चालवणारा लाटेला शिंगावर घ्यायला निघतो
आणि अकराव्या मिनिटाला माझा फोन वाजतो.
गाडी वाईट नाही, लिहून घ्या.
फोर-लोची दांडी आहे तिला.
ती ओढायची असते
हे शोरूममध्ये कुणी सांगितलेलं नसतं.

फॉर्च्युनरमधून लगेच कुणी उतरत नाही.
काच चार बोटं खाली येते,
एसीचा गारवा आधी बाहेर, मग आवाज, "किती घेणार?"
दोन टनांवर वजन, आत सात माणसं,
आणि त्या सगळ्यावर मान.
मान सगळ्यात जड. दोर तिथे तुटतो.

जिम्नीला आमच्याकडे हसतात.
बुरोंडीचा मजीद तिला डबा म्हणतो.
डबा तर डबा, पण कुर्लीसारखी गेली
पुळणीवरून तिरकी, पावलाचा ठसासुद्धा धड नाही.
मजीद तेव्हा दुसऱ्याच कुणाचा दोर ओढत होता,
हसायला त्याला सवड नव्हती.

गुरखा एकदाच आली.
साताऱ्याचं जोडपं, दोघं साठीचे.
बाई चालवत होत्या.
उतरल्या, चप्पल काढली, वाळूत टाच रोवली,
खड्ड्यात पाणी किती वेळात झिरपतं ते पाहिलं
आणि गाडी वळवून सुरूच्या सावलीत लावली.
मला त्यांच्याकडून छदाम मिळाला नाही.
इतकं चांगलं गिऱ्हाईक पुन्हा आलेलं नाही.

माझी कमांडर सत्त्याण्णवची.
दरवाजे नाहीत, होते ते वाऱ्यानं खाल्ले.
पहाटे जेटीवर बर्फ, दुपारी चिरे,
एकदा रात्री दापोलीपर्यंत सुलताना नाखव्याची सून,
पोर वळणावरच झालं, खेर्डीच्या अलीकडे.
तिच्यासोबत कुणी फोटो काढत नाही.
ती मात्र सगळ्यांच्या फोटोत असते,
कोपऱ्यात,
दोराच्या दुसऱ्या टोकाला.

खरं तर माझी गरजच नाही कुणाला.
एक बारका खडा घ्या,
व्हॉल्वच्या तोंडात दाबून धरा,
बत्तीसची हवा पंधरावर आणा.
चाक पसरतं, चिखलात रेड्याचा खूर पसरतो तसं,
आणि कुठलीही गाडी निघते, कुठलीही.
हे मी प्रत्येकाला सांगतो.
पण माणसं हवा करायला आलेली असतात,
सोडा म्हटलं की चेहरे पडतात.
मग भरती सांगते. ती मॉडेल विचारत नाही.

मी तरी कोण मोठा शहाणा.
मे महिन्यात एका हिरव्या थारचा मालक
रेंज शोधत टेकाडावर चढला.
चारही चाकं आत, नवा कोरा पत्रा उन्हात.
मी शर्टाला हात पुसले, बोनेटला टेकलो.
फरहानला म्हटलं, काढ. चाकं नको घेऊस.

फोटो कुवेतला गेला, इलियासला.
भाऊ आहे, पाठचा. बावीस वर्षं दुसऱ्याचे ट्रक चालवतोय.
रात्री त्यानं विचारलं, "गाडी काढलीस?"

दोन दिवस मी मोबाइल उलटा ठेवला.
तिसऱ्या दिवशी लिहिलं, "काढली."
खोटं नव्हतं.
पाऊण तास लागला होता, तीन माणसं,
आणि जुना दोर त्यातच गेला.

त्यानं मुबारक पाठवलं,
मिठाईला म्हणून पाच हजार.

हर्णैला जाऊन नायलॉनचा घेतला,
चाळीस हात, निळा.
कमांडरच्या हुकाला बांधला तेव्हा
गाठ दोनदा सुटली.